सुरी पाठीकडून पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत हाताने बनवलेल्या शिकारी सुऱ्यांवर आलेला लेख वाचला. मराठी वृत्तपत्राने या कामाला पानभर जागा दिली याचा आनंद आहे. अमेरिकन सुरी कारागीर रॉबर्ट लव्हलेस यांच्या शैलीची सुरी घरच्या कार्यशाळेत कशी बनवावी, असा त्या लेखाचा रोख होता. पण लेख वाचून कुणी पोलादी पट्टी कापायला घेतली, तर हाती येईल ती फक्त छायाचित्रात लव्हलेसची वाटणारी सुरी. उतरत्या टोकाचे पाते, हिरवी मायकार्टाची (राळेत दाबलेल्या कापडाची) मूठ, तिच्याखाली लाल अस्तराची रेघ आणि आरशासारखी झिलई, एवढ्यात लेखाने शैली संपवली आहे. या चारही गोष्टी बाजूने दिसणाऱ्या आहेत. ही शैली कळते ती सुरी पाठीकडून, म्हणजे धारेच्या विरुद्ध कडेकडून पाहिली की, आणि तिचा काही भाग तर डोळ्यांना दिसतच नाही. त्याबद्दल सविस्तर लिहिणे आवश्यक वाटले.

आधी एक दुरुस्ती. लेखात ‘भट्टीत तापवून घणाखाली घडवलेली सुरी’ असे म्हटले आहे. लव्हलेस (१९२९–२०१०) ज्या सुऱ्यांसाठी ओळखले जातात त्या घडवलेल्या नाहीत, घासून काढलेल्या आहेत. तयार पोलादी पट्टी घ्यायची, तिच्यावर आकृती आखायची आणि नको तेवढे पोलाद ग्राइंडरवर काढून टाकायचे, ही त्यांची पद्धत. १९५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ॲबरक्रॉम्बी अँड फिच या दुकानातून त्यांच्या सुऱ्या विकल्या जात, तेव्हा त्यांवर ‘डेलावेअर मेड’ असा छाप असे. पुढे कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड हे त्यांचे कामाचे गाव झाले. १९७० मध्ये अमेरिकेत सुरी कारागिरांचा गिल्ड स्थापन झाला, त्याच्या संस्थापकांत ते होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी १५४सीएम हे पोलाद सुऱ्यांच्या जगात रुळवले. आपली पद्धत त्यांनी लपवली नाही. १९७७ मध्ये सहलेखकासोबत सुऱ्या बनवण्यावर पुस्तक काढून ती खुली केली. त्यामुळे त्यांच्या शैलीत काम करणे ही चोरी नव्हे. मात्र ती शैली म्हणजे नेमके काय, हे नीट सांगायला हवे.

उतरत्या टोकापासून सुरुवात करू. पाठीची रेघ गार्डपासून (पाते आणि मूठ यांच्यामधल्या धातूच्या तुकड्यापासून) पुढे जाताना हलक्या बाकाने खाली येते आणि टोक पात्याच्या मध्यरेषेच्या जरासे वर थांबते. हा बाक शोभेसाठी नाही. जनावराचे कातडे उघडताना धार वर करून पाते आतून पुढे सरकवावे लागते. टोक वर उचललेले असेल तर ते आतड्यात किंवा मांसात रुतते. खाली उतरलेले टोक ताब्यात राहते, आणि पात्याचे गोलसर पोट कातडे सोलायला मोकळे मिळते. नवशिक्याच्या हातून हा उतार बहुधा फार तीव्र होतो. मग पात्याचे पोट नाहीसे होते आणि सुरी भाजीच्या बोथट टोकाच्या सुरीसारखी दिसू लागते. ९५ मिमीच्या पात्यात उतार साधारण निम्म्या लांबीपासून डोळ्यांना जाणवावा, त्याआधी नाही. आकृती जाड पुठ्ठ्यावर कापून हातात धरून पाहा. पुठ्ठा बदलायला दोन मिनिटे लागतात, पोलाद बदलता येत नाही.

आता टँगकडे येतो. पात्याच्या पोलादाचा जो भाग मुठीत जातो तो टँग. या शैलीत तो मुठीच्या पूर्ण लांबी-रुंदीचा असतो आणि गार्डपासून मागे जाताना पातळ होत जातो. लेखात याचा उल्लेखही नाही, आणि माझ्या मते सगळ्या शैलीचा जीव इथेच आहे. पट्टी ४ मिमी जाड, टँग ११० मिमी लांब आणि सरासरी २० मिमी रुंद धरू. मागच्या टोकाला जाडी १.५ मिमीवर आणली तर सुमारे २१ ग्रॅम पोलाद निघते. एवढ्या लहान सुरीत २१ ग्रॅम हाताला लगेच जाणवतात. त्यातही महत्त्वाचे असे की निघालेल्या पोलादापैकी तीन चतुर्थांश टँगच्या मागच्या अर्ध्या भागातले असते. तोल पुढे सरकतो आणि तर्जनीच्या आसपास येतो. वजन कमी करायला टँगला भोके पाडली की झाले, असे अनेकांना वाटते. १० मिमीची सहा भोके पाडली तर जेमतेम १५ ग्रॅम निघतात आणि तेही लांबीभर सारखे. भोके जरूर पाडा, डिंकाला पकड मिळते. पण उताराची जागा ती घेत नाहीत.

उतार काढण्याचा क्रम सोपा आहे, चुकण्याच्या जागा मात्र पुष्कळ. बोल्टची आणि वजनाची सगळी भोके टँग सपाट असतानाच ड्रिल प्रेसवर पाडून घ्या. त्या वेळी दोन्ही बाजू समांतर असतात, म्हणून भोके मध्यरेषेला आपोआप काटकोनात बसतात. मग टँगच्या कडेला आखणीची शाई लावून बरोबर मध्यावर एक रेघ आणि मागच्या टोकाला दोन बाजूंच्या मर्यादांच्या रेघा ओढा. पुढची पायरी वगळली जाते आणि तिथेच काम बिघडते. ती अशी: टँगच्या दोन्ही बाजूंचा मधला भाग ग्राइंडरच्या चाकावर हलका पोकळ करून घ्यायचा, कडेने चार-पाच मिमीची चौकट तशीच ठेवायची. मग ग्राइंडरच्या सपाट प्लेटवर घासताना त्याचा पट्टा फक्त चौकटीवर चालतो. पोलाद लवकर निघते, कमी तापते, आणि मुठीची फळी (टँगच्या एका बाजूला बसणारा मुठीचा अर्धा भाग) कडेला काटेकोर बसते. मध्य पोकळ केला नाही, तर मधे फुगवटा राहतो. फळी त्यावर डुलते आणि क्लॅम्पने दाबून बसवली तरी कडेला बारीक फट उरते. ती फट पुढे कधीच बुजत नाही.

प्लेटवर घासताना दाब मागच्या टोकावर हवा. गार्डजवळ पट्ट्याची कड पोलादात खोल उतरण्याची शक्यता सर्वांत जास्त, म्हणून तिथे ६ ते ८ मिमी भाग अगदी शेवटपर्यंत शिवू नका. दोन्ही बाजू आलटून पालटून घासा. एक बाजू पूर्ण करून दुसरीकडे वळलात तर मध्यरेघ सरकलेली असते, आणि ती परत आणण्यापुरते पोलाद उरत नाही. शेवटी जाड काचेवर १२० नंबरचा कागद पसरून त्यावर टँग घासून पाहा. शाई चौकटभर सारखी निघाली तर पृष्ठभाग सपाट आहे. दोन विरुद्ध कोपऱ्यांवरच निघाली तर टँगला पीळ पडला आहे.

या उताराची किंमत पुढे दोन ठिकाणी चुकवावी लागते, आणि बहुतेक नवे कारागीर तिथेच गोंधळतात. पहिले ठिकाण म्हणजे मुठीच्या फळ्यांची भोके. वरच्या मापांत टँगची प्रत्येक बाजू मध्यरेषेशी सुमारे ०.६५ अंश कललेली आहे. फळी टँगला चिकटवून ड्रिल प्रेसच्या टेबलावर सरळ ठेवली, तर भोक तेवढेच तिरके जाते. दुसरी फळी उलट बाजूने तशीच ड्रिल केली की दोन्ही भोकांत मिळून १.३ अंशांचा कोन पडतो. बोल्ट अर्ध्यावर अडकतो, आणि हातोडीने ठोकला तर फळी तडकते. उपाय एवढाच की मुठीच्या मागच्या टोकाखाली १.२५ मिमीची पट्टी सरकवायची, म्हणजे मध्यरेषा टेबलाला समांतर होते. दुसरे ठिकाण म्हणजे फळीचे पुढचे टोक, जे गार्डला टेकते. ते गुण्याने ९० अंशांत कापले आणि फळी उतरत्या टँगवर ठेवली, तर आतल्या कडेला ती गार्डला चिकटते आणि बाहेरच्या कडेला फाकते. ९ मिमी जाडीवर ही फट ०.१ मिमी होते. ऐकायला क्षुल्लक वाटते, पण लाल अस्तर आणि चकचकीत गार्ड यांच्यामध्ये ती काळी रेघ म्हणून दिसते. फळीचे टोक ९०.६५ अंशांचे हवे. तेवढा कोन मोजत बसू नका. फळी जागेवर ठेवून, उजेडासमोर धरून, कानशीचे दोन-दोन हात मारत बसवा.

पाते पोकळ घासण्याबद्दल, म्हणजे त्याच्या बाजू खोलगट करण्याबद्दल, लेखात ‘चाकावर घासावे’ एवढेच आहे. कोणत्या चाकावर, हे सांगितल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही. पाठीकडून धारेकडे येणाऱ्या उताराची उंची २० मिमी असेल, तर २५० मिमी व्यासाचे चाक प्रत्येक बाजूला ०.४ मिमी खोल पोकळी पाडते. १५० मिमी व्यासाचे चाक ०.६७ मिमी पाडते. पाते पाठीला ४ मिमी आणि धारेला ०.६ मिमी असताना, सरळ उतारात मध्यावर जाडी २.३ मिमी असते. मोठ्या चाकाने ती १.५ मिमी उरते, लहान चाकाने १ मिमीहून कमी. शिकारी सुरीला सांध्याशी, हाडाशी गाठ पडते. १ मिमीचे पाते तिथे वाकते किंवा त्याच्या धारेचा तुकडा उडतो. लहान चाकच हाताशी असेल तर पोकळ घासू नका, सपाट घासा. सपाट उताराची सुरी लव्हलेससारखी दिसणार नाही, पण सुरी म्हणून चांगली होईल.

घासण्यापूर्वी धारेच्या कडेवर शाई लावून मध्याच्या दोन्ही बाजूंना ०.३५ मिमीवर समांतर रेघा ओढा. म्हणजे मधे ०.७ मिमीची पट्टी राहील. पाणी देण्याआधी, म्हणजे पोलाद तापवून कठीण करण्याआधी, धार याहून पातळ केली, तर भट्टीतून ती लाटांसारखी वाकडीतिकडी होऊन बाहेर येते आणि सरळ करायला पोलाद शिल्लक नसते. पाणी दिल्यानंतर नव्या पट्ट्यावर, बोटे उघडी ठेवून, दर फेरीनंतर पाण्यात बुडवत ती ०.४ मिमीवर आणायची. बोटे उघडी ठेवायची ती एवढ्यासाठी की धार तापतेय हे हातमोज्यात कळत नाही. साध्या पोलादावर चढणारा पिवळा-निळा रंग इथे भरवशाचा नाही. क्रोमियम असलेल्या पोलादावर तो उशिरा, जास्त तापमानाला उमटतो. रंग दिसला तेव्हा धारेची कठीणता आधीच उतरलेली असते. ०.४ मिमी हा आकडा का, तर प्रत्येक बाजूला २० अंशांनी धार लावली की धारेचा पट्टा साधारण अर्धा मिमी रुंद होतो. ०.८ मिमीवर थांबलात तर तोच पट्टा दुप्पट होतो. सुरी दाढीचे केस कापते, पण कातड्यात शिरताना पाचरीसारखी अडते. बाजारातल्या कितीतरी देखण्या सुऱ्यांचा दोष एवढाच असतो.

दोन्ही बाजूंचे उतार गार्डजवळ ज्या वळणावर सुरू होतात, ती वळणे समोरासमोर हवीत. हे पाहायचे तर सुरी उलटी करून धारेकडून पाहा, बाजूने पाहून काही कळत नाही. एका बाजूचे वळण अर्धा मिमी जास्त मागे, गार्डकडे गेले की दुसरेही मागे नेऊन जुळवण्याचा मोह होतो. मग तेही जास्त जाते, आणि असे करत करत गार्ड आणि धार यांच्यामधला सपाट भाग संपतो. जुळवायचेच तर ठरलेल्या मर्यादेच्या २ मिमी अलीकडे थांबून जुळवा, आणि शेवटच्या हाताला दोन्ही एकदम मागे न्या.

आपल्याकडे पोलाद कठीण करण्याला ‘पाणी देणे’ म्हणतात. शब्द सुंदर आहे, पण १५४सीएमला पाणीही चालत नाही आणि तेलाचीही गरज नाही. हे पोलाद हवेत कठीण होते. त्यात सुमारे १.०५ टक्के कार्बन, १४ टक्के क्रोमियम आणि ४ टक्के मॉलिब्डेनम असते. जपानी एटीएस-३४ जवळजवळ याच घडणीचे, आणि सीपीएम-१५४ हे त्याचेच पावडरपासून बनवलेले रूप. लेखात ‘लालभडक करून तेलात बुडवावे’ असा सल्ला आहे. तो या पोलादाला लागू नाही, आणि त्यानुसार केलेले पाते वाया जाईल. क्रोमियमचे कार्बाइड विरघळायला १०६५ अंश सेल्सिअसच्या आसपास पाते किमान अर्धा तास स्थिर ठेवावे लागते. कोळशाच्या किंवा गॅसच्या उघड्या भट्टीत एवढे तापमान इतका वेळ एकसारखे राहत नाही. वर पृष्ठभागाचा कार्बन जळून जातो आणि सुरी बाहेरून मऊ, आतून अर्धीकच्ची निघते. विजेची नियंत्रित भट्टी हवी. पाते स्टेनलेसच्या पातळ पत्र्यात गुंडाळून, आत कागदाचा लहान कपटा ठेवून, कडा दोनदा दुमडून बंद करायच्या. कपटा जळताना आतला प्राणवायू संपवतो. आधी ७६० अंशांवर पाते सगळीकडे सारखे तापू द्या, मग १०६५ वर न्या. बाहेर काढताच पुडीसकट ॲल्युमिनियमच्या दोन जाड प्लेटांमध्ये दाबा. पाते लवकर थंड होते आणि उतरता टँग वाकत नाही. या दाबाची त्याला फार गरज असते, कारण एका टोकाला ४ आणि दुसऱ्याला १.५ मिमी असलेली पट्टी असमान थंड होते.

थंड झालेले पाते रात्रभर तसेच ठेवू नका. त्यात ताण कोंडलेला असतो आणि आपोआप तडा जाऊ शकतो. सोय असेल तर कोरड्या बर्फात किंवा द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवा, म्हणजे न बदललेला मऊ अंश कमी होतो. नंतर लगेच टेंपर करा, म्हणजे ठिसूळपणा उतरवायला २०५ अंशांवर दोन तास तापवा, हाताइतके थंड करून पुन्हा दोन तास. कठीणता रॉकवेल सी ५९ ते ६१ यावी. दुसरी फेरी वगळू नका. पहिल्या फेरीत जे नव्याने कठीण होते ते ठिसूळ असते, आणि त्याचा ठिसूळपणा दुसऱ्या फेरीतच उतरतो.

अशी भट्टी नसेल तर दोन प्रामाणिक मार्ग आहेत. पाते या कामाच्या व्यावसायिकाकडे पाठवावे. भोके, टँगचा उतार आणि ०.७ मिमीची धार झाल्यावर ते द्यायचे, आणि पोलादाचे नेमके नाव लेखी कळवायचे. नाही तर पोलादच बदलावे. ओ-१ हे तेलात कठीण होणारे पोलाद ८०० अंशांवर दहा-पंधरा मिनिटे ठेवून ५० ते ६० अंशांच्या कोमट तेलात बुडवले आणि २०० अंशांवर दोन-दोन तास दोनदा टेंपर केले, तर सुंदर धार धरते. ते गंजते, एवढाच त्याचा दोष. अर्धवट पाणी दिलेल्या १५४सीएमपेक्षा नीट पाणी दिलेले ओ-१ कितीतरी चांगले.

गार्डचे काम या सुरीत सर्वांत जास्त चिकाटी मागते. जर्मन सिल्व्हर, पितळ किंवा स्टेनलेसच्या ६ मिमी जाड तुकड्यात वरून उघडी खाच करायची आणि तो पात्याच्या खालून वर सरकवून बसवायचा. खाच पट्टीच्या जाडीपेक्षा ०.१ मिमी अरुंद कापा, उरलेले सपाट कानशीने हळूहळू काढा. हलक्या लाकडी हातोडीने बसावा इतका गच्च हवा. हाताने सरकला तर तो तुकडा टाकून नवा घ्या. डाख लावून फट भरता येते खरी, पण वर्षभरात तिथे काळी रेघ येते. डाख हे इथे जोडकाम नाही. पाणी आणि रक्त आत शिरू नये म्हणून घातलेले ते बूच आहे. ताकद आरपार पिनेची. पीन गार्डच्याच धातूची घेतली की घासल्यावर दिसत नाही.

डाख कथिल-चांदीचा, ९६ ला ४ या प्रमाणातला वापरा. तो २२० ते २३० अंशांत वितळतो. आपण पाते टेंपर केले २०५ अंशांवर, म्हणजे अंतर फार थोडे. म्हणून पात्यावर ओले फडके गुंडाळा आणि ज्योत गार्डवर व टँगच्या बाजूने खालून धरा. डाख ज्योतीने नाही, गार्डच्या उष्णतेने वितळला पाहिजे. ज्योतीने वितळवलेला डाख थेंबासारखा वर बसतो, फटीत शिरत नाही. ॲसिडयुक्त फ्लक्स (डाख धरावा म्हणून आधी लावतात तो पदार्थ) नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात टूथब्रशने घासून पूर्ण निपटला नाही, तर काही महिन्यांत गार्डशेजारी पात्यावर बारीक खड्डे पडतात. पोलाद स्टेनलेस आहे म्हणून ते यातून सुटत नाही.

मूठ. मायकार्टा म्हणजे कापडाचे थर फेनॉलिक राळेत दाबून केलेली फळी. ती पाण्याने फुगत नाही, ओल्या हातात सरकत नाही, म्हणून या सुरीला योग्य. तिच्याखालचे लाल अस्तर मात्र पारंपरिकपणे व्हल्कनाइज्ड फायबरचे असते आणि तो कागदी पदार्थ ओल शोषून फुगतो. चिकटवण्यापूर्वी तो पूर्ण कोरडा हवा. धुलाईला वारंवार जाणाऱ्या सुरीला ०.८ मिमी लाल जी-१० (काचेच्या कापडाचे थर इपॉक्सीत दाबून केलेला पत्रा) अस्तर अधिक टिकाऊ. दोन्ही पृष्ठभाग ८० नंबरने खरबरीत करा, ॲसिटोनने पुसा, चोवीस तासांत घट्ट होणारे इपॉक्सी लावा, आणि क्लॅम्प फार आवळू नका. सगळा डिंक बाहेर पिळला गेला तर सांधा उपाशी राहतो आणि पहिल्याच पडझडीत सुटतो. या शैलीच्या आटेदार बोल्टांसाठी पायरीचे भोक लागते: मधे दांड्याच्या जाडीचे, वर डोक्याच्या जाडीचे. मूठ घासून अंतिम आकारात आल्यावरही डोक्याचा किमान २ मिमी भाग आत उरला पाहिजे. हा हिशेब आधी केला नाही तर घासता घासता डोके संपते आणि आटे उघडे पडतात. मुठीचा छेद गोल ठेवू नका. अंड्यासारखा, खाली जरा निमुळता ठेवा. अंधारात, ओल्या हाताने धरली तरी धार कुठे आहे ते बोटांना कळते.

झिलईबाबत माझे मत लेखाच्या उलट आहे. नवशिक्याने आरशासारख्या झिलईच्या मागे लागू नये. बफचे चाक कडा खाते. उताराची वरची रेघ आणि गार्डजवळचे वळण ही कष्टाने आणलेली तीक्ष्णता पाच मिनिटांत धुऊन जाते. २२०, ४००, ६०० नंबरचे कागद लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून हाताने घासा, आणि प्रत्येक नंबरची दिशा आधीच्याला तिरकी ठेवा. जुने ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा नंबर घेऊ नका. शेवटच्या नंबरला सगळे हात एकाच दिशेने, लांबीभर. बफ वापरलाच तर हे ध्यानात ठेवा की कार्यशाळेतले सर्वांत धोकादायक यंत्र तेच. धार किंवा टोक चाकाच्या फिरण्याच्या दिशेला सामोरे गेले, की चाक सुरी हातातून हिसकावून पोटाकडे किंवा पायाकडे फेकते. म्हणून धार लावायची ती सगळ्यात शेवटी, आणि बफ करताना पात्याचा फक्त चाकापासून दूर जाणारा भाग चाकाला टेकवायचा. पोलादाची आणि मायकार्टाची धूळ फुप्फुसात राहते. कापडी मास्क तिला अडवत नाही, कणगाळणीचा बंदिस्त मास्क लागतो.

म्यान वनस्पतिजन्य कमावलेल्या ३ मिमी चामड्याचे, धारेच्या बाजूला आत चामड्याची पट्टी घालून शिवलेले. क्रोमने कमावलेले चामडे पात्याला डाग पाडते, आणि कोणत्याही चामड्यात सुरी महिनोन्महिने ठेवू नये.

राहिला छापाचा प्रश्न. लेखासोबतच्या आकृतीत लव्हलेस यांची मूळ मोहोर जशीच्या तशी कोरण्यासाठी दिली आहे. ती कृपया मागे घ्यावी. त्यांच्या सुऱ्यांना संग्राहकांत फार मोठी किंमत येते आणि त्यामुळे बनावट सुऱ्याही फिरतात. शिकण्यासाठी केलेल्या पात्यावर ती मोहोर कोरली, तर दोन हात बदलल्यावर तीच सुरी फसवणुकीचे साधन होते. पात्यावर स्वतःचे नाव, पोलादाचे नाव आणि वर्ष असावे. शैलीचे श्रेय बोलून किंवा सोबतच्या कागदावर द्यावे.

लेखमालेचा पुढचा भाग येणार असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्यात सुरीचे छायाचित्र बाजूऐवजी पाठीकडून काढून छापावे, ही विनंती. टँगचा उतार, मध्यावरून न हललेली रेघ, गार्ड आणि फळी यांच्यातला सांधा, हे सगळे वाचकाला त्या एका चित्रात मोजून पाहता येईल.

आपला,
सुऱ्यांचे काम करणारा एक वाचक